सुटलेला पडदा आणि भोक शोधणारे डॉक्टर

आपल्या या गप्पांमध्ये बहुतेक वेळा लढाया असतात, गड असतात, एखाद्या पलटणीची हकीकत असते. आज डोळ्याबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं फौजेत काढली आणि आता बंगळुरूत उलसूर तलावाच्या काठाने सकाळी फिरणारा एक पेन्शनर आहे. या विषयात शिरलो ते दोन डोळ्यांमुळे. त्यातला एक माझा. दुसरा माझा नव्हता, आणि त्याची गोष्ट आधी सांगायला हवी.

साल १९८६. मी तेव्हा कॅप्टन होतो. पलटणीतल्या बॉक्सिंगच्या स्पर्धा संपून आठवडा झाला असेल. सातारा जिल्ह्यातला, खटाव तालुक्यातला एक जवान माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, डाव्या डोळ्यात काळं चढतंय. वाफ्यात पाटाचं पाणी चढतं ना, तसं. खालून." मी विचारलं, दुखतंय का? नाही. डोळा लाल आहे का? नाही. बाहेरून बघितलं तर डोळा स्वच्छ. दोन दिवसांनी रात्रीचा लांबचा मार्च होता. मी काय समजायचं ते समजलो. थेंब घाल म्हटलं आणि मार्चला पाठवला.

नऊ दिवसांनी तो मोठ्या इस्पितळात पोहोचला तेव्हा डोळ्याच्या डॉक्टरांनी मला फोनवर एवढंच सांगितलं की पडदा सुटलाय, मधल्या भागासकट. शस्त्रक्रिया झाली. महिन्याभरात पडदा पुन्हा सुटला. डोळा गेला. तो फौजेतूनही गेला. त्याचं नाव मी सांगणार नाही.

आता हा पडदा म्हणजे काय ते थोडक्यात बघू, म्हणजे पुढचा इतिहास कळेल. डोळ्याच्या आतल्या भिंतीला एक पातळ अस्तर असतं, जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. ते दृष्टिपटल, डॉक्टरांच्या भाषेत रेटिना, आपल्या बोलीत पडदा. प्रकाश त्याच्यावर पडतो आणि आपल्याला दिसतं. त्याच्यापुढे डोळा भरून एक पारदर्शक जेली असते. तरुणपणी ती घट्ट असते, पन्नाशीनंतर ती पातळ होऊ लागते, आकसते आणि आकसताना पडद्याला ओढते. बहुतेकांच्या बाबतीत ती निमूटपणे सुटून येते. काहींच्या बाबतीत पडद्याचा एखादा कमकुवत भाग तिच्याबरोबर फाटतो. डोक्याला जोराचा मार बसला तर तरुण माणसाचाही फाटतो. मग त्या भोकातून पातळ झालेलं पाणी पडद्याच्या मागे शिरतं. भिंतीला ओल धरली की गिलावा कसा फुगून सुटतो, तसा पडदा सुटत जातो. पडद्यातल्या पेशींना प्राणवायू आणि पोषण मागच्या भिंतीतून मिळत असतं. भिंत सुटली की त्या उपाशी मरू लागतात. आणि पडद्याला वेदना कळत नाही. म्हणून माझा जवान "दुखत नाही" म्हणाला ते अगदी खरं होतं. डोळ्यात प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे पडदा वरून सुटला की काळोख खालून चढतो. तो डॉक्टरांच्या पुस्तकात असतं तसं वर्णन करत होता. ऐकणारा अडाणी होता.

आता इतिहास. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत बघण्याचं यंत्र प्रसिद्ध केलं. त्याआधी डॉक्टरांना आतलं काही दिसतच नव्हतं. आता सुटलेला पडदा दिसू लागला, वाऱ्यावर चादर हलावी तसा करडा, घड्या पडलेला. पुढच्या काही वर्षांत त्यातली भोकंही दिसली. पण दिसणं वेगळं आणि उमगणं वेगळं. भोक हे कारण की परिणाम, यावर वाद चालत राहिला आणि उपचार चालले ते भलतेच. रोग्याला आठवडेच्या आठवडे पाठीवर निजवायचं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. घाम काढण्याची औषधं. सुई खुपसून मागचं पाणी काढणं. पाणी काढलं की चार दिवस बरं वाटे, मग पुन्हा भरे, कारण भोक उघडंच होतं. १९१२ मध्ये अमेरिकेतल्या व्हेल नावाच्या डॉक्टरांनी आपल्या व्यवसायबंधूंना पत्रं पाठवून विचारलं की, तुमचे किती रोगी बरे झाले? हिशोब निघाला हजारात एक.

हा आकडा मी वाचला तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. साठ वर्षं यंत्र हातात, आणि हजारात एक.

ही कोंडी फोडली स्वित्झर्लंडमधल्या लोझान गावच्या ज्यूल गोनॅं या डॉक्टरांनी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. भोक हेच मूळ. ते शोधा, बुजवा, पडदा आपोआप बसेल. एकाहून जास्त भोकं असतील तर सगळी शोधा, एकही सुटता कामा नये. १९२०च्या सुमारास त्यांनी हे करून दाखवायला सुरुवात केली. आधी तासन्‌तास डोळ्यात बघून भोक नेमकं कुठे आहे त्याचा नकाशा काढायचा. घड्याळाच्या कितव्या आकड्याच्या दिशेला, कडेपासून किती आत. मग तीच जागा डोळ्याच्या बाहेरच्या पांढऱ्या भागावर मोजून काढायची, तिथे छेद घ्यायचा आणि लालबुंद तापवलेलं धातूचं टोक आत घालून भोकाच्या जागी चटका द्यायचा. मागचं पाणी वाहून जाई, चटक्याचा व्रण धरे आणि पडदा भिंतीला चिकटे.

थोडक्यात काय, डागणी. आपल्याकडे काही भागांत अजूनही लहान मुलांच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागण्या देतात, तो अघोरी प्रकार आणि हा उपचार यांत हत्यार जवळजवळ एकच. फरक एवढाच की गोनॅंना कुठे डागायचं आणि का डागायचं हे ठाऊक होतं.

लोकांनी लगेच मानलं का? छे. हा माणूस डोळे जाळतो असंच बऱ्याच जणांना वाटलं. मान्यता मिळायला १९२९ उजाडलं. त्या वर्षी ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत गोनॅंच्या बरोबरीने इतर देशांतल्या डॉक्टरांनीही आपापले निकाल मांडले. हजारात एकवरून गोष्ट निम्म्यापर्यंत आली होती. गोनॅं १९३५ मध्ये वारले. त्यानंतरची सगळी तंत्रं बदलली, पण आजही कुठलाही सर्जन तेच करतो. भोक शोधतो आणि बुजवतो.

पुढचा टप्पा सूर्यामुळे आला. ९ जुलै १९४५ला युरोपात सूर्यग्रहण झालं. जर्मनीत एका वैद्यकीय विद्यार्थ्याने ते उघड्या डोळ्यांनी पाहिलं आणि पडद्याच्या मध्यावर भाजल्याचा डाग पडला. तो डाग तपासणाऱ्या गेर्ड मायर-श्विकेराट या तरुण डॉक्टरांच्या मनात आलं की, सूर्य पडदा भाजू शकतो तर हवा तिथे, हवा तेवढाच का भाजू नये? डोळ्याला चाकू लावायचीच गरज नाही. हॅम्बुर्गच्या इस्पितळाच्या गच्चीवर त्यांनी आरसे आणि भिंगं बसवली आणि सूर्यकिरण रोग्याच्या डोळ्यात सोडून पडदा चिकटवू लागले. अडचण अशी की हॅम्बुर्गला ऊन कमी. ढग आला की शस्त्रक्रिया खोळंबली. म्हणून मग कार्बनच्या दिव्याची ज्योत आणि नंतर झाईस कंपनीने बनवलेला झेनॉनचा दिवा. १९६० मध्ये लेसर निघाला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये तो माणसाच्या डोळ्यावर वापरला गेला.

आमच्या पिढीला १६ फेब्रुवारी १९८०चं खग्रास आठवत असेल. कारवार-अंकोल्याकडून रायचूरच्या दिशेने सावली गेली. लोक घराबाहेर पडू नयेत म्हणून दूरदर्शनने सिनेमा दाखवला होता. तेव्हा सगळे म्हणत, डोळे जातील. कसे जातील, हे कुणी सांगत नव्हतं. आज पडद्याला नुसतं भोक पडलेलं असताना, म्हणजे पाणी मागे शिरण्याआधी, माणूस डॉक्टरकडे पोहोचला तर त्याच सूर्याच्या चटक्याचा वंशज असलेला लेसर भोकाभोवती ठिपक्यांच्या दोन-तीन ओळी मारतो. काही मिनिटांचं काम, भरती व्हायचं कारण नाही.

आता माझा आवडता माणूस. चार्ल्स शेपेन्स, जन्म १९१२, बेल्जियन. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते बेल्जियमच्या हवाई दलात डॉक्टर होते. देश पडला, गेस्टापोने त्यांना एकदा पकडून सोडलं. पुढे ते प्रतिकारात सामील झाले आणि १९४२ मध्ये खोट्या नावाने, झाक पेरो म्हणून, फ्रान्सच्या बास्क भागात मेंडिव्ह नावाच्या डोंगरी गावात जाऊन राहिले. स्पेनची सरहद्द जवळ. तिथे त्यांनी लाकडाची गिरणी चालवली. लाकूड डोंगरावरून खाली आणायला तारेवरचा मार्ग होता. जर्मनांच्या नजरेसमोर खरोखरीचा धंदा चालू, आणि त्याच्या आडून कागदपत्रं आणि माणसं पिरेनीज ओलांडून स्पेनला जात. शंभराहून अधिक माणसं त्यांनी पलीकडे पोचवली. १९४३ मध्ये बिंग फुटलं तेव्हा स्वतः जंगलातून निसटले. बायको-मुलं मागे अडकली, पुढे त्यांनीही डोंगर पार केला. मी डोंगरातल्या सरहद्दीवर नोकरी केली आहे, मंडळी. लहान मुलांना घेऊन रात्री खिंड ओलांडणं काय असतं याची मला थोडी कल्पना आहे.

हा माणूस लंडनला पोहोचला आणि पुन्हा डोळे तपासायला लागला. तिथे युद्धकाळात मिळेल त्या सामानातून त्यांनी डोक्याला बांधायचं एक यंत्र बनवलं. जुन्या यंत्रातून एका डोळ्याने, पडद्याचा छोटासा तुकडा दिसे. शेपेन्सच्या यंत्रातून दोन्ही डोळ्यांनी, खोलीसकट, पार कडेपर्यंत दिसू लागलं. आणि यंत्र डोक्यावर असल्याने एक हात मोकळा राही. त्या हाताने डोळा बाहेरून हलकेच दाबून लपलेली कड नजरेत आणता येई. भोकं बहुधा तिथेच असतात. गोनॅंने सांगितलं होतं की भोक शोधा. शेपेन्सने शोधायचा दिवा दिला.

१९४७ मध्ये ते अमेरिकेत बॉस्टनला गेले. तिथे त्यांनी डोळ्याला बाहेरून पट्टा बांधण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. त्याआधी जर्मनीत कुस्टोडिस यांनी १९४९ मध्ये डोळ्यावर बाहेरून उशीसारखा तुकडा शिवून सुरुवात केली होती. कल्पना गमतीची आहे. पडदा भिंतीपर्यंत येत नाही ना, मग भिंतच आत दाबून पडद्यापर्यंत न्यायची. पुढे सिलिकॉनचे पट्टे आले आणि आजही काही रोग्यांना, विशेषतः तरुणांना, तोच बांधतात. युद्धातल्या कामगिरीबद्दल शेपेन्स कित्येक दशकं कुणाशी बोलले नाहीत. सहकाऱ्यांना वाटे, गृहस्थ अबोल आहेत.

त्यांच्या हाताखाली बॉस्टनला शिकलेल्यांत एक होते डॉ. एस. एस. बद्रीनाथ. ते १९७० मध्ये भारतात परतले आणि १९७८ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय उभं राहिलं. दक्षिणेत पडद्याचे सर्जन तयार होण्यात त्या संस्थेचा वाटा मोठा आहे. बंगळुरूत मिंटो रुग्णालयाची १९१३ची इमारत आजही उभी आहे. तिच्यासमोरून जाताना मला नेहमी वाटतं की ती उघडली तेव्हा इथे पडदा सुटलेला माणूस आला असता तर त्याच्या नशिबीही तीच वाळूची पिशवी असती. म्हैसूर काय आणि व्हिएन्ना काय, उपाय जगात कुठेच नव्हता.

बॉक्सिंगवरून आठवलं. शुगर रे लेनर्ड, जगज्जेता मुष्टियोद्धा. मे १९८२ मध्ये बाल्टिमोरला त्याच्या डाव्या डोळ्याचा अर्धवट सुटलेला पडदा बसवला. जगभर बातमी झाली होती. मी ती वाचली होती. क्रीडा पानावर वाचली होती, म्हणून असेल, १९८६ मध्ये माझ्यासमोर बॉक्सिंग खेळलेला पोरगा डोळ्यात काळं चढतंय म्हणत उभा होता तेव्हा ती आठवली नाही.

आणि गॉर्डन ब्राउन, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले. सोळाव्या वर्षी रग्बी खेळताना डोक्याला लाथ बसली, डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, कित्येक आठवडे अंधाऱ्या खोलीत पडून राहिले, डोळा गेलाच. पुढे एडिंबरोला शिकताना टेनिस खेळत असताना उजव्या डोळ्यात तीच लक्षणं. उरलेला एकच डोळा. हेक्टर चावला नावाच्या तरुण सर्जनने तेव्हा प्रायोगिक समजल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेने तो वाचवला. प्रायोगिक हा शब्द ऐकला की आपण बिचकतो. पण ज्याच्यासमोर दुसरा पर्याय अंधार हाच आहे, त्याला त्या शब्दाची भीती किती वाटत असेल?

तोवर सर्जन डोळ्याच्या बाहेरून काम करत होते. आत शिरले ते १९७०ला. मायामीत रॉबर्ट माखेमर या जर्मन डॉक्टरांनी डोळ्याच्या बाजूने बारीक नळी आत घालून ती जेलीच कापून, ओढून काढायची युक्ती बसवली. जेली म्हणजे पवित्र, तिला हात लावायचा नाही, असा तोवर नियम होता. माखेमरनी आपल्या हत्याराचा सराव केला अंड्याच्या पांढऱ्यावर. तेही चिकट, पारदर्शक, न तुटणारं. पडद्याला ओढणारी जेलीच काढून टाकली की ओढ संपली. मग पडदा जागेवर दाबून धरायला डोळ्यात वायू भरायचा. हवा भरण्याचे प्रयोग स्वीडनमध्ये १९३८ मध्येच झाले होते, पण हवा लवकर शोषली जाते. पुढे सल्फर हेक्झाफ्लोराइड आला. विजेच्या मोठ्या स्विचगिअरमध्ये ठिणगी विझवायला वापरतात तोच वायू. त्याच्याहून जास्त टिकणारा परफ्लुरोप्रोपेन दीड-दोन महिने राहतो. अवघड डोळ्यांत सिलिकॉनचं तेल भरतात, ते नंतर काढावं लागतं.

हा वायू माझ्याही डोळ्यात होता. २०१९ सालची गोष्ट. उलसूरच्या काठाने चालताना उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वीज चमकल्यासारखं झालं. आकाशात ढग नव्हते. दहा-पंधरा मिनिटांत काजळीचे कण तरंगू लागले आणि नाकाच्या बाजूने एक सावली आली. दुखत नव्हतं. बायको म्हणाली, संध्याकाळी बघू. मी म्हटलं, आत्ता. रिक्षा पकडून थेट डोळ्याच्या इस्पितळात. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया. मधला भाग अजून बसलेला होता म्हणून घाई, असं सर्जन बाईंनी सांगितलं. तो सुटल्यावर एकेका दिवसाने हिशोब बदलतो.

मग एक आठवडा मान खाली घालून. जेवण, चहा, वर्तमानपत्र, सगळं खाली बघून. फौजेत कुणी कधी मला मान खाली घालायला लावली नव्हती, ते एका बुडबुड्याने करून दाखवलं. वेलिंग्टनला आमच्या तुकडीचा मेळावा होता. तिथे जाऊ का विचारलं तर बाई उडाल्याच. लेहला जाणाऱ्या विमानात वेफर्सचं पाकीट कसं टम्म फुगतं, आठवतं ना? वर हवेचा दाब कमी, वायू पसरतो. डोळ्यातला बुडबुडाही तसाच पसरतो. बंगळुरू नऊशे मीटरवर, वेलिंग्टन सुमारे अठराशे. विमान नाही, घाट नाही, आणि दुसरी कुठली शस्त्रक्रिया करावी लागली तर भूल देणाऱ्याला आधी सांगायचं. मेळाव्याचे फोटो मी बुडबुड्याच्या वरच्या फटीतून पाहिले.

आज काय चाललंय? बहुतेक डोळे पहिल्याच खेपेला बसतात. जे पुन्हा सुटतात ते व्रणामुळे. पडद्यावर जखमेच्या खपलीसारखं पापुद्र्याचं जाळं चढतं आणि तो पुन्हा आकसतो. माझ्या जवानाचं बहुधा तेच झालं असावं. हे जाळं अडवायला मेथोट्रेक्सेट, संधिवाताचं आणि कर्करोगाचं जुनं औषध, डोळ्यात टोचून बघतायत. डॉक्टरांचं त्यावर अजून एकमत नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी बाळंतपणात वारेबरोबर पडणाऱ्या पातळ पापुद्र्याचं ठिगळ भोकावर लावून दाखवलं. काढलेल्या जेलीच्या जागी कृत्रिम जेली भरायचे प्रयत्न बरीच वर्षं चालू आहेत. जमलं तर मान खाली घालणं संपेल. आपल्या बंगळुरूतच आयस्टेम नावाची कंपनी पडद्यामागच्या थरातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून म्हाताऱ्या, झिजलेल्या डोळ्यांत घालून बघते आहे. तो आजार वेगळा, सुटलेल्या पडद्याचा नाही, पण मेलेल्या पेशींच्या जागी नव्या बसवता येतील का हा प्रश्न तोच.

एक गैरसमज मात्र इथे फार आहे, तो सांगतो. डॉ. राजकुमार यांनी २००६ मध्ये आणि पुनीत राजकुमार यांच्या घरच्यांनी २०२१ मध्ये नेत्रदान केलं, तेव्हा कर्नाटकात फार मोठी लाट आली. चांगलंच झालं. पण नेत्रदानातून बसवतात ते डोळ्यासमोरचं पारदर्शक पटल. मागचा पडदा कुणाचा कुणाला बसवता येत नाही. आपल्याला मिळालेला एकच.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, मान खाली घातलेलीच होती, मी खटावला फोन लावला. नंबर एका सुभेदार साहेबांकडून मिळवला. तेहतीस वर्षांनी बोलत होतो. राम राम झाला. त्याने विचारलं, साहेब, कसं काय? मी म्हटलं, माझ्या डोळ्याचा पडदा सुटला होता. लगेच गेलो, वाचला. तुझ्यामुळे गेलो. आणि त्या वेळी तुला मी मार्चला पाठवलं, ते चुकलं.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मागे मोटरचा आवाज येत होता, बहुतेक विहिरीवर असावा.

मग त्याने विचारलं, "साहेब, तुमचं काळं कुठून चढलं? खालूनच का?"

"नाही रे," मी म्हटलं, "बाजूनं."

"मग बरं," तो म्हणाला. "खालचं लई जोरात चढतं."